गाडीतळावरचा नऊ नंबर

गाडीतळावर आता उसाच्या गाड्या थांबत नाहीत. कारखान्याने कालव्यापलीकडे नवा तळ केला आणि जुना शाळेला खेळायला दिला. देवळाली प्रवरा मागे टाकून कारखान्याच्या कॉलनीच्या रस्त्याला वळलं की उजव्या हाताला तो दिसतो. चारी बाजूंनी तारेचं कुंपण, दोन टोकांना पांढरे खांब, खांबांना निळी जाळी. तरी त्याला कोणी मैदान म्हणत नाही. रिक्षावाल्यानेही विचारलं, "गाडीतळाच्या अलीकडं सोडू का पलीकडं?"

मी अलीकडे उतरलो. भाद्रपदातली दुपार होती. पाऊस सकाळीच येऊन गेला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस माणसाच्या वर गेलेला, आणि त्याची पाती एकमेकांवर घासल्याचा तो कोरडा, अखंड आवाज. हा आवाज दुसऱ्या कुठल्या पिकाला नाही.

वहिनींचा फोन सकाळी आला होता.

"भाऊजी, तुमी दुपारच्याला येऊन बसा. न्हाईतर हे जातील."

हे म्हणजे भीमा आण्णा. एके काळचे कारखान्याच्या फुटबॉल संघाचे नऊ नंबर, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून गोल मारणारे. नंतर त्याच संघाचे कोच, आणि पुढे कितीतरी वर्षं शाळेतल्या मुलींचे. मी आधी त्यांच्या उजव्या बाजूला खेळलो, मग त्यांच्या हाताखाली. आज शाळेच्या मुलींचा श्रीरामपूरच्या संघाशी सामना होता आणि कोच आण्णा नव्हते. कोच पूनम होती. त्यांचीच जुनी खेळाडू, पुण्याला जाऊन कोर्स केलेली, आता शाळेत रीतसर नेमलेली. तिने आण्णांकडे एकच गोष्ट मागितली होती. सर, पहिला सामना मला एकटीला सांभाळू द्या, त्या दिवशी तुमी तळावर येऊ नका. आण्णांनी शब्द दिला होता.

"शब्द दिलाय ते खरं," वहिनी म्हणाल्या. "पन रेघेच्या भाईर थांबायचं म्हनलं की ह्यांचं काय हुतं, ते तुमाला म्हायती हाय."

माहीत होतं.

हंगामात इथे फुटबॉल नसायचा. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा बॉयलर पेटायचा, ऊस आत ओढून नेणाऱ्या गव्हाणीत पूजेची पहिली मोळी पडायची, आणि दुसऱ्या दिवसापासून तळ बैलगाड्यांनी भरत जायचा. पाथर्डीकडून, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. उसाने लादलेल्या गाड्या रांगेने उभ्या राहायच्या, बैल सोडलेले, जू टेकूवर, आणि चाकांच्या मध्ये तीन दगडांची चूल. सकाळी सगळ्या तळावर धुराची एक आडवी पट्टी असायची, साधारण बैलाच्या पाठीएवढ्या उंचीवर. तिच्या खाली भाकरीचा वास, वर मळीचा. मळीचा वास गोड असतो असं बाहेरचे लोक म्हणतात. तो गोड नसतो. काहीतरी गोड असलेलं फार दिवस विसरून राहिलं की जसा येतो, तसा असतो. कॉलनीतल्या प्रत्येक घरात, वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यात तो असायचा. शाळेच्या पुस्तकांनाही यायचा.

आण्णा गव्हाणीवर कामाला होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ते तळावरून घरी जात, आणि पायात चेंडू असे. गाड्यांच्या गर्दीत चेंडू वरून मारायला जागा नव्हती. बैल बुजत, बाया ओरडत. म्हणून ते चेंडू खालून काढत, दोन चाकांच्या मधून, जुवाच्या खालून, चुलीला वळसा घालून. त्यांचा फटका जन्मभर जमिनीलगत राहिला तो यामुळे. पलीकडून एखादी तोडकरीण भाकरी थापता थापता म्हणायची, "ए गव्हानवाल्या, माझ्या चुलीत बॉल गेला तर कालवनात टाकीन." आण्णा म्हणायचे, "टाका की मावशी, मीठ जपून टाका."

मग उन्हाळ्याच्या तोंडाला हंगाम संपायचा. कामगार म्हणायचे, पट्टा पडला. दोन-तीन दिवसांत तळ रिकामा व्हायचा आणि एक शांतता पसरायची. घुंगरं नाहीत, भोंगा नाही. गिरणीची घरघर थांबली की कान काही दिवस दुखल्यासारखे व्हायचे. तळावर उरायचं पाचट, शेण, काळे पडलेले दगड, एखादी तुटकी दावण. आणि खिळे. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे ते छोटे खिळे मातीत सगळीकडे विखुरलेले असत, आणि त्यांच्यावर फुटबॉल खेळणं शक्य नव्हतं.

म्हणून आमचा खेळ खिळ्यांपासून सुरू व्हायचा. संघाचा गोलकीपर आणि कॅप्टन दगडू हा वर्कशॉपमध्ये फिटर होता. तो तिथलं जुनं, ताटाएवढं लोहचुंबक आणायचा. त्याला दोरी बांधून आम्ही सगळे आळीपाळीने ते तळावरून ओढायचो, नांगर धरावा तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग एक पाऊल सरकून परत. संध्याकाळच्या उन्हात धूळ उडायची आणि मातीतून खिळे उडी मारून चुंबकाला चिकटायचे. टक्. टक् टक्. दुसरा आवाज नसायचा. ओढणारा बोलत नसे, बाकीचे मागून अनवाणी चालत, तळव्यांनी माती चाचपत. माझ्या मनात फुटबॉल म्हटलं की आधी तो आवाज येतो, चेंडूचा नंतर.

पाऊस पडून गेला की तळ खरा दिसायचा. जिथे जिथे बैलांची जोडी उभी राहिली होती तिथे शेणामुताने कसदार झालेल्या जमिनीत दाट गवत उठायचं. बाकी तळ मुरमाड, पिवळा. त्यावर हिरवे चौकोन, ओळीने. हंगामात कोणाची गाडी कुठे होती, ते गवतात वाचता येई. चेंडू मुरमावरून सणसणत जायचा आणि हिरव्यात शिरला की दमायचा. बाहेरच्या संघांना हे कळायचं नाही. आण्णा चेंडू मुद्दाम हिरव्यात ढकलायचे, अंगावर धावून येणारा बचावातला बॅक वेगात पुढे निघून जायचा, चेंडू मागे गवतात थांबलेला असायचा, आणि आण्णा न धावता, चालत येऊन तो मारायचे. मी उजवीकडून हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता ते सगळं पाण्याखाली घडल्यासारखं आठवतं. बॅकची पाठ, थांबलेला चेंडू, आण्णांची चाल.

नगरला पहिल्यांदा मोठ्या मैदानावर खेळलो तेव्हा तिथलं गवत सगळीकडे सारखं होतं. आम्ही बूट हातात घेऊन त्याच्यावर उभे राहिलो, चादरीवर उभं राहावं तसे. सामन्यात आण्णांना मोकळा चेंडू मिळाला. त्यांनी तो सवयीने पुढे ढकलला, बॅक पुढे गेला, आणि आण्णा चालत निघाले. चेंडू थांबला नाही. तो गेला, गेला, रेघेबाहेर गेला, आणि आण्णा मैदानाच्या मधोमध चालतच होते. बघणारे हसले. परतीला टेम्पो निघाला. मग आण्णा स्वतःशीच म्हणाले, "थांबलाच न्हाई रं त्यो."

दगडू म्हणाला, "पुढच्या टायमाला आपले बैल घेऊन येऊ. आदल्या वर्सी बांधून ठेवू हितं."

टेम्पो राहुरीपर्यंत हसत होता.

वहिनींनी दार उघडलं आणि बोटाने वर दाखवलं. आण्णा गच्चीवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे घर बांधलं ते थेट तळाच्या कुंपणाला लागून. "जागा घेताना पानी बघितलं न्हाई, रस्ता बघितला न्हाई," वहिनी जिना चढता चढता म्हणाल्या. "तळ दिसतोय का, येवढंच बघितलं."

तळ दिसत होता, गोलपासून गोलपर्यंत. मुली पांढऱ्या-लाल कपड्यांत, श्रीरामपूरच्या निळ्यात. आण्णा खुर्चीत बसले होते, वाकडा गुडघा पुढे सोडून. अंगात धुतलेला सदरा. पायात बूट.

"बूट कशाला?" मी विचारलं.

"गच्ची वली हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुला हिनं बोलवलंय ना राखन करायला?"

"हो."

"मग बस. चुकारपना करू नको."

त्यांचा गुडघा गेला तेव्हा ते चांगल्या वयात होते. कसा गेला यावर कॉलनीत पुष्कळ मतं होती. एका पावसाळ्यात ते खेळले आणि पुढच्या पावसाळ्यात खेळले नाहीत, इतकंच. नऊ नंबरचा शर्ट रघू नावाच्या एका पोराला गेला. तो बरा खेळायचा, पण आण्णांना त्याच्यात चालताना, धावताना, थुंकतानासुद्धा चुका दिसत. संघाने आण्णांना कोच केलं. आण्णांनी मान डोलावली. त्या शब्दाचा अर्थ रेघेच्या बाहेर राहायचं असा आहे, हे त्यांच्या पायांना कोणी सांगितलं नव्हतं.

कोच म्हणून त्यांचा पहिलाच सामना होता. चेंडू रेघेजवळून गोलच्या दिशेने घरंगळत निघाला, रघू मागे पडला होता, आणि आण्णा आत गेले. लंगडत गेले, पण नेमके गेले. चेंडू हिरव्या चौकोनात थांबला आणि त्यांनी तो जमिनीलगत, खांबाला घासून आत घातला. अंगात सदरा आणि लेंगा. तळावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मग हळूहळू थांबले. रेफ्री म्हणून आलेले श्रीरामपूरचे मास्तर शिट्टी तोंडात धरून उभे होते. वाजवायची कशासाठी, हे त्यांना सुचत नव्हतं.

"भीमराव," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही आता कोण आहात?"

आण्णांनी स्वतःच्या लेंग्याकडे पाहिलं. "चुकून आलो मास्तर."

"चुकून व्हय," दगडू आपल्या गोलमधून ओरडला, "रस्ता चुकला का आण्णा? घर तिकडं हाय तुमचं."

पुढच्या सामन्यातही ते दोनदा आत गेले. एकदा पंचांनी त्यांना तळाबाहेर काढलं तेव्हा ते उसाच्या कडेला उभे राहून हुंदक्यासारखा आवाज काढत होते. मी पाणी घेऊन गेलो. ते म्हणाले, "मला भाईरनं काय दिसतच न्हाई. नुसते पाय दिसत्यात. पाय दिसले की मी जातो." त्यांचं वय तेव्हा फार नव्हतं. गव्हाणीवर त्यांना मान होता, घरात लहान मूल होतं. तरी ते असं म्हणाले की जणू आयुष्यात एकच दार होतं आणि ते आतून लागलं होतं.

तोड दगडूनेच काढली. कोणा पाथर्डीच्या माणसाची एक टायरगाडी आस वाकल्यामुळे तळावर तशीच राहिली होती. दगडूने चार जणांकडून ती ढकलत आणली, मधल्या रेघेजवळ, जू टेकूवर ठेवून उभी केली.

"ह्याच्यात बसायचं," तो म्हणाला. "आमी चढवनार, आमीच उतरवनार. तुमी तुमच्या पायानं उतरायला गेला तर वेळ लागंल. तवर अक्कल माघारी येईल."

आण्णा हसले नाहीत. चढले.

त्या पावसाळ्यातले सामने मला असे आठवतात. ढग खाली आलेले, उसाची हिरवी भिंत, तळावर हिरवे चौकोन, आणि रेघेच्या कडेला बैल नसलेली एक गाडी, तिच्यात एकटा माणूस उभा. पहिले काही दिवस ते गाडीचा दांडा धरून आत जायला निघाल्यासारखे पुढे झुकत, आणि गाडी करकरायची. मग करकर कमी झाली. एक दिवस सराव संपल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. मी चढलो. खाली दगडू चेंडू गोळा करत होता, पोरं कपडे बदलत होती.

"हितनं बघ," आण्णा म्हणाले. "समदी मानसं दिसत्यात. मला इतकी वर्सं निस्ता गोल दिसायचा. तू उजवीकडं हुतास, मला ठावं हुतं. पन मी तुला बघितलं कदी न्हाई."

संध्याकाळचा वास ओल्या मुरमाचा होता, आणि कॉलनीच्या बाजूने कोणाच्या तरी घरातून लसणाच्या फोडणीचा.

गाडीतून ते हाक मारत नसत. गाडीच्या बाजूच्या फळीवर मुठीने ठोकत. एक ठोका म्हणजे थांब, सलग ठोके म्हणजे सुट. रघूने त्या ठोक्यांवर खेळायला शिकून घेतलं आणि दुसऱ्या वर्षी तो आण्णांपेक्षा बरा नऊ नंबर झाला. हे मी म्हणत नाही, आण्णा म्हणत. फक्त ते म्हणताना पानाची पिंक टाकून मग म्हणत.

मग एका हंगामाला पाथर्डीचा माणूस आला, आस बसवली, बैल जुंपले आणि गाडी घेऊन गेला. ती त्याचीच होती. आण्णा तोपर्यंत खाली उभे राहायला शिकले होते. निदान आम्हाला तसं वाटायचं. रेघेपासून हातभर मागे ते उभे राहत, दोन्ही हात मागे बांधून, आणि बोटं एकमेकांत अशी घट्ट असत की नखं पांढरी पडत.

संघ कधी संपला, ते नीट सांगता येणार नाही. दगडू बदलून दुसऱ्या कारखान्यावर गेला, रघूने टेम्पो घेतला, मी नगरला नोकरीला लागलो. गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, ते तळावर मुक्काम करत नाहीत. खिळे नाहीत, म्हणून चुंबक नाही. हिरवे चौकोन एकेका पावसाळ्यात फिके होत गेले, आणि एक वर्षी सगळीकडे सारखंच गवत आलं. आण्णांनी शाळेतल्या मुलींना शिकवायला घेतलं ते त्याच सुमाराला. पूनम देवळालीच्या पिठाच्या गिरणीवाल्याची. सरावाला यायची तेव्हा तिच्या भुवयांवर पीठ असायचं. घामाने त्याची लापशी व्हायची आणि आण्णा म्हणायचे, "चेहरा धू, न्हाईतर भाकरी हुईल." तिला त्यांनी नऊ नंबर दिला आणि गोलपेक्षा आजूबाजूला जास्त बघायला शिकवलं.

खाली पूनम रेघेपासून हातभर मागे उभी होती. हात मागे बांधलेले नव्हते. ती ओरडत होती, हातवारे करत होती, मध्येच गुडघ्यावर हात ठेवून वाकत होती. मुली एका गोलने मागे होत्या. श्रीरामपूरची एक उंच मुलगी डावीकडून पुन्हा पुन्हा आत शिरत होती, आणि दर वेळी आण्णांच्या बुटाची टाच गच्चीच्या फरशीवर वाजत होती. एकदा ते उठले. जिन्यापर्यंत गेले. मी उठलो नाही. काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात लावला, वर वाळत घातलेला टॉवेल काढला, घडी केली आणि परत येऊन बसले.

"वाळला हुता," ते म्हणाले.

मध्यंतराची शिट्टी झाली. मुली पाण्याच्या बाटल्यांभोवती जमल्या. पूनम त्यांच्याशी थोडं बोलली, मग वळली आणि कुंपणाकडे पळत आली, थेट गच्चीच्या खाली. तिचा श्वास लागला होता. चेहऱ्यावर आता पीठ नव्हतं, पण ती अजून तितकीच लहान दिसत होती.

"सर," ती वर बघून म्हणाली, "त्यांची ती उंच पोरगी डावीकडनं सारखी येतीय. आपल्या वैष्णवीला मागं घेऊ का? का राहू दे पुढं?"

आण्णा कठड्याशी आले. मी त्यांचा हात पाहिला. तो उठला होता, बोट नेमकं त्या जागेकडे वळलं होतं, जिथून ती मुलगी शिरत होती. मग त्यांनी तो हात कठड्यावर ठेवला, जसा जड सामान खाली ठेवतात तसा.

"मला हितनं दिसत न्हाई, पूनम."

"सर?"

"झाड आडवं येतंय. तू खाली हायेस, तुला दिसतंय ना?"

पूनमने डावीउजवीकडे पाहिलं. कुंपणाला झाड नव्हतं. तिने पुन्हा वर त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हय सर. दिसतंय." आणि पळत गेली.

वहिनी चहा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "डोळ्याचं आपरेशन मागच्याच वर्सी झालंय. लई चांगलं झालंय."

सामना पुन्हा सुरू झाला. पूनमने वैष्णवीला मागे घेतलं नाही. आणखी पुढे नेलं, आणि डावी बाजू तशीच उघडी ठेवली. आण्णांनी ते पाहिलं.

"चूक हाय," ते म्हणाले, इतकं हळू की खाली ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मग ते वाकले, बुटाच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून खुर्चीखाली सरकवले, आणि अनवाणी पाय ओल्या फरशीवर टेकवून पुढचा खेळ बघत बसले.